आतला एरियल आणि दूरची मराठी

हैदराबादच्या मराठी घरांचा इतिहास आपण शाळा, ग्रंथालये आणि गणेशोत्सव यांतून सांगतो. त्यात रेडिओच्या एरियललाही जागा द्यावी.

१९३५ साली निजाम सरकारने इथले नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले. ‘दक्कन रेडिओ’वर उर्दूबरोबर मराठीही ऐकू येई. तेव्हाचे व्हॉल्व्हचे संच बाहेरच्या एरियलवर चालत: गच्चीवर ताणलेली तार किंवा तांब्याच्या जाळीची पट्टी, आणि दुसरी तार जमिनीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामांची शरणागती लोकांनी ऐकली ती अशाच संचांवर. १९५० मध्ये केंद्र आकाशवाणीत गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण इथेच राहिलो. मग पोटभर मराठी ऐकायची तर मुंबई केंद्र लावायचे, आणि ते सहाशे किलोमीटरांहून दूर!

त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेत तो १९५४ साली विक्रीस आला, आपल्याकडे पुढे हळूहळू. दिवाणखान्यातल्या तारेला बांधलेला रेडिओ स्वयंपाकघरात गेला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

त्याच्या पोटात फेराइटची काळी, ठिसूळ कांडी असते, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. मध्यम लहरींचा एरियल तो हाच. बाहेरची चकचकीत दांडी कितीही ओढा, ती लघुलहरींसाठी किंवा एफएमसाठी. फेराइट लहरींतला चुंबकीय भाग गोळा करते, म्हणून तिला दिशा लागते. कांडीचे टोक केंद्राकडे असेल तर आवाज जवळजवळ बुडतो. कांडी केंद्राला आडवी असेल तर खुलतो. बहुतेक संचांत ती लांबीच्या बाजूने असते. मुंबई आपल्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणून संच लांबीने साधारण दक्षिणोत्तर ठेवावा, तोही रात्री. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो, सूर्यास्तानंतर तो विरतो. मध्ये दुसरे केंद्र घुसले, तर कांडीचे टोक त्याच्याकडे वळवून ते दाबताही येते.

गच्चीवरच्या लांब तारेइतके मात्र ही कांडी पकडत नाही. पूर्वीची तार शिल्लक असेल तर तिचे चार-पाच वेढे संचाभोवती घालून पाहा. संच पडल्यापासून आवाज बसला असेल, तर कांडी तडकलेली असू शकते.

नारायणगुड्याच्या आजच्या काँक्रीटच्या घरांत एलईडी दिवे आणि चार्जर खरखर वाढवतात. ते बंद करा, संच खिडकीशी न्या आणि सावकाश फिरवा.