आपल्या नावानं हाक

मंडळी, गावात एखाद्याचा पाय अधू असला की त्याचं पाळण्यातलं नाव मागं पडतं आणि ‘लंगड्या’ पुढं येतो. डोळे गेले तर ‘आंधळ्या’, ऐकू येत नसलं तर ‘बहिऱ्या’. हाक मारणाऱ्याच्या मनात पाप असतंच असं नाही. पण ज्याला ती ऐकावी लागते, त्याला ‘मी कोण?’ या प्रश्नाचं एकच उत्तर रोज मिळत राहतं. राहात्याच्या पेरूच्या बागांतून निघून असा मुलगा लोणीच्या किंवा कोपरगावच्या कॉलेजात जातो, तेव्हा वह्या-पुस्तकांबरोबर हे उत्तरही नेतो. हे उत्तर आलं कुठून आणि बदलत कसं गेलं, ते आज पाहू.

धृतराष्ट्र थोरला, पण डोळे नाहीत म्हणून राज्य धाकट्या पांडूकडं गेलं, हे आपण कीर्तनात ऐकलं आहे. ती नुसती कथा नव्हती. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणं जन्मांधाला, जन्मबधिराला वडिलांच्या मिळकतीत वाटा नसे. पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र एवढंच मिळे. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही हा नियम चालवला. १९२८ साली कायदा झाला आणि जन्मतः वेडसर असलेल्यांखेरीज इतरांची ही आडकाठी दूर झाली. पुढं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं स्पष्ट केलं, की रोगामुळं किंवा व्यंगामुळं कोणाचाही वारसाहक्क जात नाही. म्हणजे बघा, घरच्या जमिनीवर नाव लागायला कायदा करावा लागला. मग शाळेच्या हजेरीपटाची काय कथा!

शाळेची गोष्ट दुष्काळापासून सुरू होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्नाविना माणसं गेली आणि कितीतरी मुलं पोरकी झाली. त्या काळी उपासमार आणि देवीचा रोग ही दोन्ही लहान मुलांचे डोळे नेत. अशा मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधशाळा काढली. हेच मिशन आपल्या नगर शहरात १८३१ पासून काम करत होतं. ही शाळा पुढं दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली.

तिथं मुलं बोटांनी वाचत. फ्रान्समधल्या लुई ब्रेल या अंध मुलानं १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली होती. आपल्याकडं मात्र बराच काळ निरनिराळ्या भाषांचे ठिपके निरनिराळे होते. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांची सामाईक लिपी ठरली, आणि मराठी मुलाला पुस्तकाची वाट जरा सरळ झाली.

या शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांची हकिकत ऐकण्याजोगी आहे.

पहिले वेद मेहता. जन्म लाहोरचा, १९३४ चा. वडील डॉक्टर. तापानं मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, आणि पाच वर्षांचे होण्याआधीच वडिलांनी त्यांना एवढ्या लांब दादरला धाडलं. भोवतालची मुलं गरीब, कित्येक अनाथ. हे सुखवस्तू घरचे. अंधत्व एक, पण घर वेगळं, भाषा वेगळी! १९४७ च्या फाळणीत लाहोरचं घरही सुटलं. १९४९ साली ते शिकायला अमेरिकेत गेले, १९५६ साली पोमोना कॉलेजातून पदवीधर झाले, नंतर ऑक्सफर्डला गेले. दुसऱ्यांकडून पुस्तकं वाचून घेऊन त्यांनी अभ्यास केला. पुढं ते नामांकित इंग्रजी लेखक झाले. आपल्याला ‘अंध लेखक’ न म्हणता नुसतं लेखक म्हणावं, हा त्यांचा आग्रह होता. २०२१ साली ते वारले.

दुसऱ्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या शाळेनंतर त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, मग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. २०१६ साली त्या केंद्रीय लोकसेवा परीक्षा पास झाल्या. पण दिसत नाही म्हणून रेल्वेच्या हिशेब खात्यातली नेमणूक नाकारली गेली. बाई खचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी १२४ वा क्रमांक मिळवला, आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला सब-कलेक्टर म्हणून रुजू झाल्या. परीक्षेनं त्यांना लायक ठरवलं होतं, तरी खात्याला आधी त्यांचे डोळेच दिसले, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आता कायदा बराच पुढं आला आहे. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी निदान शेकडा ५ जागा राखल्या आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो. तासाला निदान २० मिनिटं जादा देण्याची सूचना २०१३ ची आहे. शब्दही बदलले. पांगळा गेला, अपंग आला. आता सरकारी कागदावर दिव्यांग आहे. पण शब्द कितीही गोड असला, तरी तो माणसाच्या नावाची जागा घेऊ शकत नाही.

२०११ च्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि त्यांतले शंभरातले ६९ खेड्यांत राहणारे. तेव्हा ही गोष्ट मुंबईची नाही, आपल्या वेशीच्या आतली आहे. त्यातून मुलगी असेल, घरची गरिबी असेल, तर ओझं दुप्पट. एस.टी.ची पायरी चढणं एक वेळ जमतं. पण ‘हिला कशाला शिकवता?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न चढायला फार उंच असतो.

गुरुजनहो, यात तुमच्या हातात पुष्कळ आहे. फळ्यावर लिहाल ते मोठ्यानं वाचा. बोलताना वर्गाकडं तोंड ठेवा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसतील. पाय अधू असलेला मुलगा वर्गात असेल, तर वर्ग तळमजल्यावर घ्या. सहलीच्या यादीतून त्याचं नाव त्याला न विचारता गाळू नका. त्याला काय झेपेल, हे तोच सांगेल. सवलतीचा अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नव्हे. डब्याला सोबत मिळते का, नाटकात काम मिळतं का, हेही पाहायला हवं. आपण इथले आहोत, हे मुलाला कळतं ते तिथंच.

आणि गावकरी मंडळींना एवढंच सांगणं, की त्या मुलाला आईबापांनी एक नाव ठेवलेलं आहे. हाक मारायला तेच वापरा.