वजन नसलेलं वस्तुमान: धरणाच्या भिंतीला पाणी कसं जोडलं गेलं

फायनाईट एलिमेंटच्या कोर्समध्ये 'लंप्ड मास' हा भाग बहुतेक वेळा अर्ध्या तासात उरकतो. नोड निवडा, किलोग्रॅममध्ये आकडा टाका, मोडल ॲनॅलिसिस चालवा, झालं. सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही, फ्रीक्वेन्सी येतात, आलेख छान दिसतो. पण तो आकडा नोडला जोडला म्हणजे नेमकं काय केलं? ते वस्तुमान कोणत्या दिशेला जड आहे? त्याला गुरुत्वाकर्षण लागू होतं का? पीएचडीला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत असं मला वाटतं, आणि ते विचारायला सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच घरचं आहे: कोयना धरण. मात्र तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

'लंप्ड मास' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोऱ्यात ओवलेला मणी येतो. त्याला कारण आहे. १७५९ मध्ये लाग्रांजने कंप पावणाऱ्या तारेचा विचार करताना तिचं सगळं वस्तुमान ठरावीक अंतरांवरच्या बिंदूंत गोळा केलं, मधला दोरा बिनवस्तुमानाचा धरला, आणि मणी वाढवत नेले तर काय होतं ते पाहिलं. आज आपण मेश बारीक करतो तेव्हा तत्त्वतः तेच करत असतो. हा मणी खरा आहे. त्याला कुठल्याही दिशेला ढकला, तो तेवढाच जड, आणि हातात धरला तर वजनही लागतं.

दुसरं वस्तुमान मात्र वेगळ्या घराण्यातलं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने १८२८ मध्ये लंबकाच्या मोजमापांबद्दल एक गोष्ट दाखवली. हवेत झुलणाऱ्या लंबकाला फक्त उत्प्लावनाची दुरुस्ती पुरत नाही, कारण लंबक आपल्याबरोबर आजूबाजूची थोडी हवाही हलवतो. त्यामुळे तो असायला हवा त्यापेक्षा जड असल्यासारखा वागतो. (फ्रेंच अभियंता द्यु बुआ याने हेच १७८६ मध्ये पाण्यातल्या प्रयोगांतून सांगितलं होतं, पण लंबकवाल्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. दुसऱ्या विषयातलं वाचायची सवय नसणं हा आजार जुनाच आहे.) पुढे ग्रीन आणि स्टोक्स यांनी गणिताने दाखवलं की गोल चेंडू द्रवात हलतो तेव्हा त्याने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वस्तुमानाच्या निम्मं वस्तुमान त्याला जणू चिकटतं. यालाच आपण ॲडेड मास म्हणतो. गंमत अशी की या वस्तुमानाला जडत्व आहे, वजन नाही. लंबकाबरोबर हलणारी हवा त्याला खाली ओढत नाही, उलट हवेमुळे त्याचं वजन किंचित कमीच भरतं.

ही दोन घराणी एकत्र आली ती धरणाच्या भिंतीवर.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत बोल्डर धरणाचं, म्हणजे आजच्या हूवर धरणाचं डिझाइन चालू होतं. भूकंपात भिंत हलली तर मागचं पाणी तिच्यावर किती जादा दाब देईल, हा प्रश्न होता. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि इलिनॉय विद्यापीठात शिकवणारा हॅरल्ड वेस्टरगार्ड याने तो सोडवला आणि १९३३ मध्ये अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या ट्रॅन्झॅक्शन्समध्ये त्याचा पेपर आला. त्याने धरण ताठ धरलं, पाण्याकडची बाजू उभी धरली, जलाशय मागे लांबवर पसरलेला धरला. उत्तर काहीसं किचकट आलं, पण त्याने ते एका साध्या चित्रात बसवलं: भिंतीला पाण्याचा एक ठरावीक आकाराचा तुकडा चिकटलेला आहे आणि तो भिंतीबरोबर पुढेमागे हलतो, बाकीचं पाणी जागच्या जागी आहे, असं समजा. पृष्ठभागापासून खोली वाढत जाते तशी या तुकड्याची जाडी वाढते. ती किती? पाण्याची एकूण खोली आणि त्या बिंदूची खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले सात अष्टमांश.

त्याच पेपरवरच्या चर्चेत थिओडोर फॉन कारमानने संवेगाचा सोपा विचार करून जवळपास तेच उत्तर काढून दाखवलं. एकूण बलाचा गुणक वेस्टरगार्डचा ०.५८३, कारमानचा ०.५५५. दोन वेगळ्या वाटांनी एवढं जवळ येणं म्हणजे कल्पना पक्की असल्याची खूण. जुने पेपर वाचताना खालची चर्चाही वाचत जा, बरेचदा खरा मजकूर तिथेच असतो.

आता हे सूत्र कोयनेला लावून बघू. सॉफ्टवेअरमध्ये जो छेद वापरतात तो सगळ्यात उंच, सांडवा नसलेल्या भागाचा: उंची १०३ मीटर, पायथ्याशी रुंदी सुमारे ७० मीटर. पायापासून ६६.५ मीटरवर भिंतीचा खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथे रुंदी सुमारे १९ मीटरच उरते. तिला आपण मान म्हणू. भूकंपाच्या वेळी पाण्याची खोली ९१.७५ मीटर धरतात.

तळाशी वेस्टरगार्डच्या तुकड्याची जाडी येते जवळपास ८० मीटर. धरणाच्या पायापेक्षाही जास्त! पूर्ण उंचीवर बेरीज केली तर धरणाच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ४,९०० टन पाणी. काँक्रीटची घनता २६४३ धरली तर त्याच एक मीटर लांबीत धरणाचं स्वतःचं वस्तुमान साधारण ९,५०० टन. म्हणजे आपण जे जोडतोय ते धरणाच्या निम्म्याहून अधिक आहे. आणि मानेपाशी बघा. तिथे पाण्याची खोली २५ मीटरच, पण तुकड्याची जाडी ४२ मीटर येते. भिंतीच्या दर चौरस मीटरला ४२ टन पाणी आणि त्यामागे काँक्रीट फक्त ५१ टन. पायाशी हेच प्रमाण ८० ला १८५ होतं. भिंत जिथे सगळ्यात सडपातळ, तिथे पाण्याचा वाटा सगळ्यात मोठा. हे गणित कागदावर पाच मिनिटांचं आहे, पण मॉडेल चालवण्याआधी ते करणारे कमी.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तीव्रता ६.५ च्या आसपास. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने जवळपास ०.५ जी एवढं त्वरण नोंदवलं. धरणाचं डिझाइन ०.०५ या भूकंप गुणांकावर केलेलं होतं. (हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून 'दहापट' म्हणायचा मोह होतो. पण एक आहे डिझाइनसाठी मानलेलं स्थिर बल आणि दुसरं क्षणभराचं शिखर, त्यामुळे तुलना जपून.) धरण उभं राहिलं, पाणी धरून राहिलं. पण उंच भागांमध्ये दोन्ही अंगांना आडव्या भेगा गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक मानेच्या आसपास.

तोवर फायनाईट एलिमेंट पद्धत धरणांपर्यंत पोचली होती. किंबहुना धरण हे तिचं स्थापत्यातलं अगदी सुरुवातीचं काम. रे क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या नॉरफोर्क या भेग पडलेल्या धरणाचं विश्लेषण या पद्धतीने केलं होतं. १९६३ मध्ये जॉन आर्चरने कन्सिस्टंट मास मॅट्रिक्स मांडली. तिचा मुद्दा असा की एलिमेंटची कडकपणाची मॅट्रिक्स ज्या आकार-फलनांतून काढता, वस्तुमानही त्यांतूनच काढा, नोडवर ढिगारे नका घालू. पण कर्णाबाहेर शून्य असलेली लंप्ड मॅट्रिक्स साठवायला आणि सोडवायला इतकी स्वस्त होती की ती टिकली. आजही आघात, स्फोट असल्या एक्सप्लिसिट गणितांत तीच चालते. १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कोयनेचं फायनाईट एलिमेंट विश्लेषण छापलं. त्यात टेन्शन काँक्रीटच्या ताकदीपलीकडे गेलेलं दिसलं ते उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास. म्हणजे भेगा पडल्या तिथेच.

त्यानंतर कोयना हा जगभराचा परीक्षेचा पेपर झाला. काँक्रीट फुटण्याचं नवं मॉडेल काढलं की ते कोयनेवर चालवून दाखवायचं. अबाकसच्या उदाहरणसंग्रहात ते आहे, आणि तिथे वेस्टरगार्डचं पाणी जोडण्यासाठी दोन नोडचा खास युझर एलिमेंट लिहिलेला आहे. पहिल्यांदा बघताना प्रश्न पडतो, एवढा खटाटोप कशाला? सरळ मास एलिमेंट का नाही?

इथे ती दोन घराणी पुन्हा आठवा. साधा मास एलिमेंट म्हणजे लाग्रांजचा मणी: सगळ्या दिशांना सारखा जड, आणि गुरुत्वाकर्षण चालू केलं की वजनदार. वेस्टरगार्डचं पाणी म्हणजे बेसेलची हवा. ते भिंतीला काटकोनात ढकलतं, बस्स. भिंत उभ्या दिशेने वरखाली हलली तर या चित्रातलं पाणी तिच्याबरोबर वरखाली येत नाही, भिंतीलगत सरकतं. साधा मणी जोडलात तर उभ्या कंपनालाही ते ४,९०० टन चिकटतात. कोयनेच्या नोंदीत उभा हादराही लहान नव्हता, तेव्हा ही चूक लपून राहत नाही.

गुरुत्वाकर्षणाची चूक जास्त वाईट, कारण ती सुरक्षित दिसते. भूकंपाच्या आधी आपण धरणाचं वजन स्थिर टप्प्यात लावतो. मण्यांना वजन असेल तर दर मीटरला ४,९०० टनांचा भार फुकटात पाण्याकडच्या अंगावर उभा बसतो. त्याने काय होतं? पाण्याकडच्या टाचेशी कॉम्प्रेशन वाढतं आणि भेग जिथून उघडायला हवी तिथेच ती दाबून धरली जाते. निकालात धरण खऱ्यापेक्षा मजबूत येतं आणि कोणालाच शंका येत नाही. पाण्याचा स्थिर दाब आपण वेगळा, आडवा लावलेलाच असतो. त्यात हे खोटं वजन भर घालतं. तपासायची सोपी रीत: स्थिर टप्प्यानंतर पायाच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज करा. ९,५०० टनांच्या ऐवजी १४,४०० च्या आसपास आली तर पाण्याला वजन फुटलंय.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात यावर उपाय फार लवकर आलेला आहे, फक्त आपण तो वापरत नाही. नासाने १९६० च्या दशकात करून घेतलेल्या नास्ट्रॅनमध्ये नोडला वस्तुमान जोडायचे दोन वेगळे कार्ड होते. कॉनएम२ म्हणजे खरी वस्तू, इंजिनासारखी: एक वस्तुमान, नोडपासूनचं अंतर, जडत्व आघूर्ण. कॉनएम१ मध्ये मात्र सहा बाय सहाची पूर्ण मॅट्रिक्स स्वतः भरता येते, म्हणजे आडव्या दिशेला ६०० टन आणि उभ्या दिशेला शून्य असं थेट सांगता येतं. ऑपनसीजमध्येही नोडच्या प्रत्येक दिशेला वेगळा आकडा देता येतो. भिंत तिरकी असेल तर मात्र दोन दिशांचे दोन आकडे पुरत नाहीत. काटकोनाची दिशा दोन्ही अक्षांत विभागली जाते आणि कर्णाबाहेरच्या जागाही भराव्या लागतात. तिथे खुद्द वेस्टरगार्डचं सूत्रही ताणलं जातं. तिरक्या भिंतींसाठी झँगरने १९५२ मध्ये विजेच्या प्रवाहाची उपमा वापरून प्रयोगाने दाब काढले होते, ते बघावेत.

नोडवर किती द्यायचं याचा हिशोब साधा आहे. नोडच्या वर निम्मं अंतर, खाली निम्मं अंतर, तेवढी भिंत त्याच्या वाट्याची. मेश १० मीटरची असेल तर ५० मीटर खोलीवरच्या नोडला जाडी ५९ मीटर, म्हणजे दर मीटर लांबीला सुमारे ५९० टन. सगळ्या नोडची बेरीज ४,९०० च्या आसपास आली पाहिजे. आणखी एक जागा अडखळायची: गणित जमिनीच्या सापेक्ष विस्थापनांत करत असाल तर जमिनीच्या त्वरणाने गुणायच्या वस्तुमानात हे पाणीही हवं, कारण पाण्याचा दाब भिंतीच्या एकूण त्वरणावर ठरतो, सापेक्ष त्वरणावर नाही.

एवढं सगळं नीट करूनही वेस्टरगार्डचं धरण ताठच राहतं. खरं धरण वाकतं, पाणी थोडं दबतं, आणि जलाशयाची स्वतःची फ्रीक्वेन्सी धरणाच्या फ्रीक्वेन्सीजवळ आली की 'चिकटलेला तुकडा' हे चित्र मोडतं. चोप्रांनी १९६० च्या उत्तरार्धापासून हेच मांडलं आणि १९८४ मध्ये फेनवेस यांच्याबरोबरच्या ईएजीडी-८४ या प्रोग्रॅममध्ये पाणी, पाया आणि धरण एकमेकांशी जोडून सोडवलं. तरीही ॲडेड मास वापरात आहे, आणि माझ्या मते पहिल्या मॉडेलसाठी तोच वापरावा. त्यात काय चुकलं ते हाताने तपासता येतं. जलाशयासाठी वेगळे ध्वनी-एलिमेंट लावल्यावर ते तितकं सोपं राहत नाही.

आणि निकाल आजच्या धरणाला लावायचा विचार असेल तर एक लक्षात असू द्या. भूकंपानंतर कोयनेच्या उंच भागांना खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन मजबुती केली गेली. उदाहरणसंग्रहांत फिरणारा छेद मात्र १९६७ च्या पहाटेचाच आहे, १९ मीटरच्या मानेसकट.