बी-१२चा वाटाड्या: माणसाच्या पोटातलं प्रथिन वनस्पतीत कसं तयार होतं?

'बी-१२ कमी आहे' असा रिपोर्ट हल्ली घरोघरी सापडतो. दूध, अंडी, मांस-मासे कमी खाल्ले की हे होतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण व्यवस्थित खाऊनही काहींच्या अंगी बी-१२ लागत नाही. त्याचं कारण जठरातल्या एका प्रथिनात असू शकतं. त्याचं नाव इन्ट्रिन्सिक फॅक्टर.

जठरात आम्ल बनवणाऱ्या पेशीच हे प्रथिन तयार करतात. ते लहान आतड्यात बी-१२ला धरतं आणि आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत घेऊन जातं. तिथल्या पेशी ही जोडी ओळखून आत घेतात. वाटाड्याच नसेल तर नेहमीच्या जेवणातलं बी-१२ जवळपास सगळं वाया जातं. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्तीच या प्रथिनावर किंवा ते बनवणाऱ्या पेशींवर उलटते. त्यातून होणारा रक्तक्षय म्हणजे पर्निशियस ॲनिमिया. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा अशी लक्षणं दिसतात. उपचाराला फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ शिल्लक असतं आणि रोजचा खर्च दोन-अडीच मायक्रोग्रॅमचा. त्यामुळे जमा बंद झाली तरी तोटा दिसायला काही वर्षं लागतात.

हे प्रथिन आहे, हे कळलं ते जरा किळसवाण्या प्रयोगातून. बोस्टनचे डॉक्टर विल्यम कॅसल स्वतः ३०० ग्रॅम गोमांस खात, तासाभराने ओकून काढत आणि ते मिश्रण आणखी पचवून रुग्णांना नळीने देत. नुसत्या मांसाने रुग्णांना गुण येत नव्हता, नुसत्या जठररसानेही नाही. दोन्ही एकत्र दिले की रक्त सुधारायचं. १९२९ साली हे प्रसिद्ध झालं. मांसातला बाहेरचा घटक म्हणजे बी-१२, हे १९४८ मध्ये ते वेगळं काढल्यावर स्पष्ट झालं.

पुढे चाचण्यांसाठी हे प्रथिन डुकराच्या जठरातून काढलं जाई. अडचण शुद्धतेची होती. त्यात बी-१२ला चिकटणारं दुसरं एक प्रथिनही मिसळलेलं असे आणि ते बी-१२सारख्या निरुपयोगी रेणूंनाही धरायचं. परिणामी रक्तात बी-१२ कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल येत असे. १९७८ मध्ये ही चूक उघड झाली. आजारी माणसाला 'सगळं ठीक आहे' असं सांगणारा रिपोर्ट सर्वांत महागात पडतो.

म्हणून मानवी जनुक दुसऱ्या सजीवात बसवून हे प्रथिन बनवण्याकडे शास्त्रज्ञ वळले. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. कीटकपेशी आणि यीस्टमध्ये ते बनलं. २००३ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ते मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात बनवल्याचं जाहीर केलं. रोपाची निवड हुशारीची होती. वनस्पतींना बी-१२ लागतच नाही, त्यामुळे रोपात ना बी-१२ असतं, ना त्याला चिकटणारं दुसरं प्रथिन. हाती येतो तो रिकामा, शुद्ध वाटाड्या. प्रथिनावरची साखरेची साखळी मात्र वनस्पतीच्या धाटणीची असते. २००७ मध्ये यीस्टमध्ये बनवलेल्या प्रथिनावरून त्याची त्रिमितीय रचनाही उलगडली.

लॅबमध्ये हे प्रथिन मायक्रोग्रॅमच्या हिशेबात, बहुतेकदा कोरड्या भुकटीच्या रूपात आणि थंडीत जपून ठेवलेलं असतं. 'फक्त संशोधनासाठी' असं लेबल असलेली बाटली हे औषध नव्हे. आतडं बी-१२ कसं शोषतं हे तपासायला आणि रुग्णाच्या रक्तातली या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधायला ते वापरतात. प्रतिपिंडं सापडली तर निदान जवळपास पक्कं होतं. पण पर्निशियस ॲनिमियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती सापडतच नाहीत. शिवाय बी-१२ मोजणाऱ्या अनेक यंत्रांत हेच प्रथिन वापरलं जातं, आणि रुग्णाची प्रतिपिंडं तिथे घोळ घालून आकडा फुगवू शकतात. लक्षणं ठळक आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल असेल, तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडसारखी दुसरी चाचणी करता येते का, हे डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडचं चित्र बरंचसं वेगळं आहे. पुण्याजवळच्या गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. तिथे मुख्य कारण आहार, वाटाड्या नव्हे. वाटाडा नसलेल्यांना इंजेक्शन देतात. मोठ्या मात्रेची गोळीही चालू शकते, कारण साधारण एक टक्का बी-१२ वाटाड्याशिवायही आत शिरतं. म्हणजे हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतले दहा.