सांखवाळहून निघताना

गोव्यातल्या सांखवाळ गावात १८९७च्या सुमारास एकविसाव्या वर्षातला एक तरुण नारळाच्या बागायतीचा हिशेब बघत होता. तब्येत नाजूक, शिक्षण मराठी शाळेतलं जुजबी, लग्न लहान वयात झालेलं. त्याच्या हातात 'बाळबोध मेवा' या मासिकाचा अंक पडला आणि त्यात गौतम बुद्धाचं छोटंसं चरित्र निघालं. ते वाचल्यापासून धर्मानंद कोसंबींच्या डोक्यात एकच विचार राहिला: इथून निघायचं. याआधीही घर सोडून जायचे त्यांचे प्रयत्न झाले होते आणि फसले होते. या वेळी मात्र जाण्याला कारण मिळालं होतं.

मला या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग असा वाटतो की त्यांना कुठे जायचं हे ठाऊकच नव्हतं. बुद्धधर्म शिकायचा, पण तो शिकवतात कुठे? गोव्यात सांगणारं कुणी नाही, आणि भारतात तो जवळजवळ पुस्तकांतच उरलेला. म्हणून आधी संस्कृत शिकायचं, त्यासाठी पुण्याला जायचं, मग काशीला, मग जिथे बुद्धधर्म जिवंत असेल तिथे. स्वप्नात शहराचं नाव नसलं तरी निघता येतं, याचा इतका स्वच्छ दाखला मराठीत दुसरा क्वचितच असेल. त्यांनी स्वतःच तो 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. पुस्तक १९२४चं आहे आणि अजूनही वाचावं असं आहे.

१८९९ संपता संपता ते निघाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही माणिक. पुण्यात रामकृष्ण भांडारकरांची भेट झाली, पण पुण्यात त्यांचं भागेना. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली नेपाळला गेले, कारण बुद्धाचा जन्म तिकडचा, तेव्हा धर्मही तिकडेच असणार. तिथे जे दिसलं त्याने ते निराश झाले. मनातला नकाशा असा पहिल्यांदा चुकला. मग बोधगया, तिथून सिलोनला जाण्याचा सल्ला, आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली. पुढे ब्रह्मदेश, भिक्षूची चीवरं. घरून निघताना मनात असलेलं एकही गाव शेवटी कामाला आलं नाही. ज्या गावाचं नावही मनात नव्हतं तिथे हवं ते मिळालं.

आता जरा वेगळ्या वाटेने जातो. निघण्याची स्वप्नं त्या काळात बहुतेक छापील कागदातून यायची. 'बाळबोध मेवा' अमेरिकन मिशनऱ्यांचं मासिक होतं. मुलांना ख्रिस्ताकडे न्यावं म्हणून काढलेल्या मासिकाने एका तरुणाला बुद्धाकडे धाडलं, आणि तो तरुण पुढे अमेरिकेत पोचला! आणखी एक उदाहरण याच्या उलट दिशेचं. पोस्टातले कारकून गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र पाठवलं: बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, आपल्यालाही तिथे काही काम मिळेल का? वाइल्डर कोल्हापूरला मिशन चालवून प्रिन्स्टनला परतले होते आणि 'मिशनरी रिव्ह्यू' काढत होते. त्यांनी मदतीच्या बदल्यात धर्मांतराची अट सुचवली आणि तो पत्रव्यवहार छापूनही टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला. त्यांनी पत्र लिहिलं, ओळख वाढली, आणि एप्रिल १८८३मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवऱ्याविना.

ही कथा आपण आनंदीबाईंची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण मूळ दिवास्वप्न गोपाळरावांचं होतं. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या घेत फिरणाऱ्या या माणसाला कुठेच चैन नव्हतं. त्याचं स्वप्न बायकोने आपलंसं केलं आणि आधी तिथे तीच पोचली. फिलाडेल्फियाहून मार्च १८८६मध्ये डॉक्टर होऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. बावीस वर्षांचीही झाली नव्हती. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी पुकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या घरच्यांशेजारी ठेवल्या. निघण्याचं स्वप्न एकाने बघायचं आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, हे इतिहासात फार वेळा दिसतं.

कोसंबींच्या बाबतीत ती किंमत बाळाबाईंनी मोजली. सुमारे सात वर्षं नवरा घरी नाही. 'निवेदन' हे त्यांचं पुस्तक आहे, बाळाबाईंचं नाही. त्या सात वर्षांचा बाळाबाईंच्या बाजूचा हिशेब आपल्याला त्यात वाचता येत नाही. १९०६ साली चीवरं उतरवून कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवू लागले आणि मग गोव्याला जाऊन कुटुंबाला भेटले. १९०७ साली दामोदरचा जन्म झाला, आपण ज्यांना डी. डी. कोसंबी म्हणून ओळखतो ते गणिती आणि इतिहासकार. कलकत्त्यात बरं चाललेलं असताना सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट इतकीच: महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. कोसंबींनी कलकत्ता सोडलं. काय शिकायचं होतं ते त्यांना मिळालं होतं, आता ते मराठीत आणायचं होतं. दूर जाण्याच्या स्वप्नाला परतण्याची अशी बाजूही असू शकते, हे आपल्या मंडळींच्या गप्पांत फारसं येत नाही.

पण एवढ्याने ते थांबले असते तर मी हा लेख केंब्रिजमध्ये बसून लिहीत नसतो. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असताना कोसंबींकडे पाली शिकले आणि त्यांच्याकरवी १९१० साली कोसंबींना हार्वर्डचं बोलावणं आलं. काम होतं बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं. ते हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलं होतं. लहानपणीच्या दुखापतीने पाठीचा कणा कायमचा अधू झालेला हा विद्वान क्विन्सी स्ट्रीटवरच्या घरात बसून पाली वाचत असे. जानेवारी १८९९मध्ये ते गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस कोसंबी सांखवाळहून निघाले. एकमेकांना कधी न भेटलेली ही दोन माणसं एकाच पोथीवर काम करून गेली. वॉरन हाऊस अजून तिथेच आहे. मी जेवणाच्या सुट्टीत त्यावरून चालत जातो आणि बऱ्याचदा तेव्हा फोनवर सिअ‍ॅटल किंवा टोरांटोची घरभाडी बघत असतो. पोस्टडॉकचं कंत्राट वर्षावर्षाने वाढतं, व्हिसाची मुदत त्याला बांधलेली. त्यामुळे पुढच्या शहराची स्वप्नं बघणं हा आमच्यासारख्यांचा छंद उरत नाही, ती जवळजवळ नोकरीची अट होते. आई फोनवर विचारते, "आता कुठे रे?" आणि मी तिला तीन शहरांची नावं सांगतो. त्यातलं एकही मी अजून पाहिलेलं नाही.

हार्वर्डमध्ये कोसंबींचं चार्ल्स लॅनमन या ज्येष्ठ प्राध्यापकांशी बिनसलं. वाद होता श्रेयाचा: संपादक म्हणून कुणाचं नाव जाणार आणि कोसंबींचं स्थान मदतनिसाचं की बरोबरीचं? हा वाद आजच्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. १९१२च्या सुरुवातीला काम अर्धवट ठेवून ते भारतात परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. माझ्या मते हे परत जाणं सांखवाळहून निघण्याइतकंच धाडसाचं होतं. आपण निघणाऱ्यांचं कौतुक करतो. पटलं नाही म्हणून सोडून जाणाऱ्याला मात्र 'जमलं नाही वाटतं' म्हणतो.

१९१८ साली ते पुन्हा आले, या वेळी माणिक आणि अकरा वर्षांच्या दामोदरला घेऊन. धाकट्या मुलींसह बाळाबाई मागेच राहिल्या. माणिक रॅडक्लिफला शिकली, दामोदर केंब्रिजच्या शाळेत. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून बाप निघाला होता, तिला तो आता स्वतः सोबत घेऊन आला. दामोदरने पुढे १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली. म्हणजे बुद्धाच्या शोधात निघालेल्या बापामुळे मुलाला शहर मिळालं, तेही त्याने मागितलं नसताना. निघण्याची स्वप्नं पुढच्या पिढीत अशी पत्त्यासकट पोचतात. इथल्या आपल्या मुलांकडे बघताना मला हे कधीकधी आठवतं. त्यांना बॉस्टनची स्वप्नं पडत नाहीत, ती इथलीच आहेत.

पुस्तकाचं काम मात्र रेंगाळलं. त्यासाठी कोसंबी १९२६ आणि १९३१ साली पुन्हा आले. मधल्या काळात शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन झाला होता. १९४० साली त्यांनी स्वतः संपादित केलेला 'विसुद्धिमग्ग' मुंबईत भारतीय विद्या भवनातून देवनागरीत काढला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती निघाली १९५० साली. तिच्यावर वॉरन यांचं नाव संपादक म्हणून आहे आणि खाली सुधारणा करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी.