पहिली तारामती

ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांतील तारामती कोण, हें आज फारच थोड्यांस ठाऊक असेल. पडद्यावर येण्यास कोणी स्त्री धजेना. तेव्हां फाळक्यांची दृष्टि ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणाऱ्या सडपातळ बांध्याच्या तरुणाकडे गेली. ते अण्णा साळुंके. दरमहा दहा रुपयांची चाकरी सोडून ते पंधरा रुपयांवर राणी झाले, असें सांगतात. पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ मूकपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनींच केल्या.

बहुतेक जण ही कथा येथेंच संपवितात. आम्हांस मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. साळुंके पुढें कॅमेऱ्यामागें उभे राहिले, आणि ‘सत्यनारायण’ (१९२२) व ‘बुद्धदेव’ (१९२३) यांचें छायाचित्रण त्यांनीं केलें. राणीचें लुगडें त्यांस दुसऱ्यानें नेसविलें होतें. छायाचित्रणाची विद्या त्यांनीं स्वतः कमावली. आम्हीं लुगडें तेवढें ध्यानांत ठेवलें आणि विद्या विसरलों. हा दोष इतिहासाचा नव्हे, तो लिहिणाऱ्या आम्हां मंडळींचा होय.