चेहरा ओळखीचा वाटतो

दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. पूर्वी साहेबासमोर उभं राहून सही ठोकली की भागायचं. यंदा नातवाने मोबाइल तोंडासमोर धरला. यंत्राने तीनदा पाहिलं आणि तीनदा नकार दिला. दप्तरी असलेला फोटो 14 वर्षांपूर्वीचा. त्यात डोक्यावर केस होते आणि तोंडात माझेच दात!

"आजोबा, ते म्हणतंय, हे तुम्ही नाही."

रिकामा वेळ भरपूर, म्हणून थोडं वाचलं. तेव्हा कळलं, की हे दुखणं जुनं आहे. 1960 नंतरच्या दशकात वुडी ब्लेडसो या अमेरिकन गृहस्थाने संगणकाला चेहरे ओळखायला शिकवायला घेतलं. मान वळणं, उजेड, हावभाव या अडचणींच्या पंगतीत त्याने तेव्हाच वाढत्या वयालाही पाट मांडला होता.

1975 साली पिटेंजर आणि शॉ या मानसशास्त्रज्ञांनी डोक्याची बाह्यरेषा गणिताने ताणून दाखवली. कपाळ मागे सरलं, जबडा पुढे आला, की बघणाऱ्याला वय वाढलेलं दिसतं. 1981 साली नॅन्सी बर्सन या चित्रकर्तीला संगणकावर चेहऱ्याचं वय बदलण्याच्या रीतीचं पेटंट मिळालं. पुढे हे तंत्र हरवलेली मुलं शोधायला वापरलं गेलं, हे वाचलं आणि माझं हसू ओसरलं. आईच्या हातात सहा वर्षांच्या पोराचा फोटो, आणि पोर कुठेतरी चौदाचं झालेलं! अशा वेळी आईबापांचे त्या वयातले फोटो पाहून चित्र पुढे सरकवतात.

पुढे संशोधकांनी 82 माणसांचे, तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंतचे 1,002 फोटो जमवून 'एफजी-नेट' नावाचा संग्रह केला. अशा संग्रहांवर शिकून यंत्र जुन्या फोटोला स्वतःच म्हातारं करतं आणि मग आजच्या चेहऱ्याशी ताडून पाहतं.

नातवाने माझ्या त्या फोटोवर हाच प्रयोग केला. 14 वर्षं वाढव म्हटलं, तर पठ्ठ्याने हौसेने 30 वाढवली. मी चित्र आक्काला दाखवलं. तिने चष्मा पुसला. म्हणाली, "अरे, हे तर अण्णा!"

अण्णांना जाऊन चाळीस वर्षं झाली.

माझा दाखला शेवटी खिडकीपाशी उजेडात उभं राहिल्यावर मिळाला. अण्णांचा मात्र आक्काने एका नजरेत दिला.