पाहोमची जमीन

गड्यांनो, टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते’ ही 1886ची गोष्ट आपल्याला नीतिपाठ म्हणून ऐकवली जाते. हाव वाईट, शेवटी साडेतीन हात पुरे, वगैरे. तिच्यामागचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही.

1861 साली झारनं भूदास मोकळे केले. दोन कोटींहून जास्त माणसं तोवर जमीनदारांच्या मालकीची होती. मोकळं केलं, पण जमीन फुकट नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कसली, त्यांनीच तिची किंमत भरायची, 49 वर्षांच्या हप्त्यांनी. हे हप्ते सुटले 1907 साली. वर कुरणं, रानं बऱ्याच ठिकाणी मालकानं कापून घेतली. गाय चरायला सोडली की पाऊल मालकाच्या हद्दीत. की झाला दंड.

पाहोम या दंडानंच गांजलेला. मालकीणबाई जमीन विकायला काढते. गावकरी आधी सगळे मिळून घ्यायची ठरवतात. एकमत होत नाही. टॉलस्टॉय खापर सैतानावर फोडतो. मग ज्यानं त्यानं आपापलं बघितलं. पाहोमनंही घेतली. आणि शेजाऱ्यांची गुरं रानात शिरली तसा हाच पाहोम त्यांना कोर्टात खेचतो, दंड करवतो. माझ्या मते खरी गोष्ट इथंच आहे. पुढं बाश्किरांच्या माळावर हजार रुबलात दिवसभर धावून तो मरतो, ते सगळ्यांना पाठ आहे.

हे बाश्किर उरलकडचे पशुपालक. त्यांच्या जमिनी त्या शतकात कवडीमोलानं गेल्या. आणि खुद्द काउंट टॉलस्टॉयनं 1871 साली त्याच बाजूला, समारा प्रांतात, मोठी जमीन विकत घेतली होती! हेही लक्षात असू द्या.

चेखवचं वेगळं. त्याचा आजा भूदास. 1841 साली पैसे मोजून त्यानं घरादाराची सुटका केली. 1898च्या ‘गूजबेरी’ गोष्टीत चेखवचा निवेदक टॉलस्टॉयला तोंडावर उत्तर देतो, की तेवढी जमीन मढ्याला लागते, जित्या माणसाला सारी पृथ्वी हवी. पण त्याचाच भाऊ निकोलाय बघा. कारकुनी करत, पोटाला चिमटा घेत पैसा साठवतो. पैशासाठी विधवेशी लग्न करतो, तिला अर्धपोटी ठेवतो, ती मरते. मग वाडी घेतो आणि ‘आम्ही सरदार लोक’ असं बोलू लागतो. आजा शेतकरी, बाप शिपाई, हे साफ विसरला.

त्याच्या झाडाची फळं आंबट, टणक. भाऊ शेजारच्या खोलीत जागा होता. रात्रभर त्याला ऐकू येत होतं, निकोलाय पुन्हा पुन्हा उठून ताटलीतलं एकेक फळ तोंडात टाकत होता.